छोटा घास

(घराच्या पुढच्या खोलीत पाट्या रंगवायचं दुकान. दुपार. खोलीत धाकटा भाऊ, म्हणजे पेंटर, आणि त्याची थोरली बहीण. बायको आत चहा करते आहे.)

पेंटर : तिथे टेकू नकोस, ताई. रंग ओला आहे. पाठीवर 'दंतवैद्य' घेऊन घरी जाशील, तेही उलटं.

ताई : ही पाटी तू रंगवलीस?

पेंटर : नाही, उंदरांनी. या दुकानात दुसरं आहे कोण?

ताई : मग अक्षरं कापलेला हा पत्र्याचा छापा कशाला? तो खिळ्याला टांगलेला. कडेला रंग लागलाय, म्हणजे आजच वापरलास.

पेंटर : हल्ली सगळेच वापरतात गं. छापा ठेवायचा, स्पंजाचा बोळा थोपटायचा, पाटी तयार. गिऱ्हाइकाला दम कुठे असतो?

ताई : छापा वापरला म्हणजे पेंटरने हात विकला, असं तूच म्हणायचास ना?

पेंटर : तरुणपणी माणूस बरंच काही बोलतो. तू बस आधी. खुर्चीवरचे डबे खाली ठेव आणि बस. इतक्या दिवसांनी आलीस ती काय माझी तपासणी करायला?

ताई : हो. एक रेघ ओढ मला इथे. ब्रशने.

पेंटर : ब्रश धुतलेत सगळे.

ताई : कोरडे आहेत. मघाशीच बघितलं. केसाला केस चिकटलाय, इतके कोरडे. बारक्या, एकच रेघ.

पेंटर : 'बारक्या' म्हटलंस म्हणजे प्रकरण गंभीर आहे. लहानपणी सुई भरून झाली की अशीच हाक मारायचीस. मी खाटेखाली जायचो, तू वाकून शोधायचीस.

बायको : चहा घ्या, वन्सं. हा तुमचा कप. आणि अहो, हा तुमचा.

ताई : त्याला एवढ्या मोठ्या मगात अर्धाच चहा?

पेंटर : कमी केलाय मी चहा. पित्त होतं.

बायको : पित्त कुठलं? पूर्ण भरला तर निम्मा पायजम्यावर जातो. सांगा ना तुम्ही, का मी सांगू?

पेंटर : तू जरा आत जा. आमचं बोलणं चाललंय.

बायको : आज रजा टाकलीय मी. पोस्टात दिवसभर मी लोकांना 'पलीकडच्या खिडकीवर जा' सांगते. घरी मला कुणी तसं सांगू नये. वन्सं, फोन मी केला होता हे ह्यांना सांगितलं नाहीये. आता कळलंच. सकाळी शर्टाची बटणं मी लावते. सुरुवातीला ह्यांना वाटायचं मी लाडात आलेय. मीही तसंच दाखवायची. आता गळ्याचं बटण लावताना रडू येतं, म्हणून मी तेवढ्यात कशावरून तरी भांडण काढते. आज टॉवेलवरून काढलं.

पेंटर : म्हणून होय. मी म्हटलं, टॉवेलाने काय घोडं मारलं.

ताई : कधीपासून?

पेंटर : असेल गेल्या उन्हाळ्यापासून. आधी फक्त अक्षराची शेपटी हलायची. अक्षर झालं, मात्रा झाली, शेवटी ब्रश उचलताना जी बारीक शेपटी सुटते ना, ती. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग वाटलं ब्रश खराब. तीन ब्रश फेकून दिले मी, चांगले होते बिचारे. मग कळलं ब्रश नाही.

ताई : आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीस.

पेंटर : विचारतात ते दर महिन्याला. सुई दिली की विचारतात, हात थरथरतात का, पायाला मुंग्या येतात का, काही विसरायला होतं का. मी म्हणतो, झकास आहे. ते लिहून घेतात आणि मला सोडतात.

बायको : बाहेर बाकावर मी बसलेली असते. आतून ह्यांचं 'झकास' ऐकू येतं. वाटतं, आत जावं आणि डॉक्टरांना ह्यांचा चहाचा मग दाखवावा.

ताई : मग का नाही गेलीस आत?

बायको : शपथ घातली होती ना ह्यांनी. तुम्ही शोधलेल्या औषधाला बोल लागेल म्हणून.

पेंटर : झालं. सांगून टाकलं. आता लोणचं घाल माझं.

ताई : माझ्या औषधाला बोल लागेल म्हणून तू हात घालवलास?

पेंटर : घालवला कुठे? आहे की दंडाला लटकलेला. आणि हे बघ, मला वाटलं होईल बरं. औषध तुझं. तुझं गणित चुकलेलं मी शाळेतसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं माझंच काहीतरी दुसरं बिघडलंय, वय झालं, टर्पेंटाइन नाकात गेलं. त्यापायी तुझ्या औषधावर कशाला शिंतोडे?

बायको : वन्सं, मला एकदा नीट समजावा. ह्यांना विचारलं तर हे 'शेपट्या, शेपट्या' म्हणून हसतात. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही दिवसाआड सुई द्यायला यायचात. मग महिन्याची आली, ती दवाखान्यात मिळते. एवढंच मला ठाऊक.

ताई : ह्याच्या अंगात एक एन्झाइम जन्मापासून तयारच होत नाही. एन्झाइम म्हणजे एक प्रोटीनच. म्हणजे, काम करणारं प्रोटीन. रक्तात एक प्रकारचा कचरा होत असतो, तो खायचं त्याचं काम. ते नसलं की कचरा साठतो आणि नसांवर बसतो. म्हणून बाहेरून टोचायचं. पण बाहेरून आलेलं प्रोटीन शरीर ठेवून घेत नाही. दीड-दोन दिवसांत त्याचा निकाल लावतं. म्हणून दिवसाआड.

पेंटर : मग आमच्या ताईने त्याला शेपट्या लावल्या.

ताई : पॉलिमरच्या. लांब, लवचिक, पाणी धरून ठेवणाऱ्या साखळ्या. त्या प्रोटीनला जोडल्या की त्याचा पसारा वाढतो, मग मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते सुटत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांनाही नीट दिसत नाही. जितक्या जास्त शेपट्या, तितकं जास्त टिकतं.

बायको : मग आता टिकत नाही का?

ताई : टिकतं गं. तेच तर. ह्याच्या रक्तात दर महिन्याला मोजतात, भरपूर असतं. प्रयोगशाळेत माझ्याकडे नावं येत नाहीत, नुसते नंबर येतात, पण ह्याचा नंबर मला पाठ आहे. आलेखात सगळ्यांत वरची रेघ ह्याची. ती रेघ बघून मी डबा खायला जायचे. मनाशी म्हणायचे, बारक्या ठीक आहे, आज फोन नाही केला तरी चालेल.

बायको : नाहीच केलात.

ताई : नाही केला. माहीत आहे मला.

पेंटर : अगं, तिला कामं असतात.

बायको : मी कुठे काय म्हटलं? मी आपलं म्हणाले, नाही केला.

ताई : आम्ही किती आहे ते मोजलं. किती खातंय ते मोजलं नाही.

पेंटर : असं कसं? तू तर सांगायचीस, नळी पिवळी झाली, नळी पिवळी झाली. पेढे वाटल्यासारखी सांगायचीस.

ताई : ती नळी छोट्या घासाची होती.

बायको : कसला घास?

ताई : खरा कचरा प्रयोगशाळेत सांभाळणं फार कटकटीचं. लवकर नासतो, आणि तुटला तरी रंग बदलत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून त्याच्या जागी एक सोपा पदार्थ घेतात. तसाच, पण लहान. एन्झाइमने तो तोडला की नळी पिवळी होते. झटपट कळतं. आम्ही त्याला छोटा घास म्हणतो. 'छोटा घास खाल्ला का?' 'खाल्ला.' झालं, पुढच्या कामाला लागा. साध्या एन्झाइमला ते चालायचं. शेपट्या लावल्यावरही आम्ही तोच घास देत राहिलो. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. छोटा घास शेपट्यांच्या फटीतून आत जात होता. नळी पिवळीधमक. अंगातला खरा घास केवढा तरी मोठा. तो शेपट्यांतच अडकतो. तोंडापर्यंत पोचतच नाही.

बायको : म्हणजे झिपऱ्या इतक्या वाढवल्या की तोंडावर आल्या.

ताई : हो.

बायको : आणि समोर ताट वाढलेलं.

ताई : हो गं. तुझा फोन आला त्या दिवशी मी मुद्दाम खरा घास मागवला आणि दिला त्या शेपट्यांच्या एन्झाइमला. मशीनवर रेघ सपाट. मला वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्या मशीनवर नेलं. तिथेही सपाट. मग मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. झाडायला आलेल्या बाईंनी विचारलं, पाणी देऊ का. एवढं साधं, गं. मोठा घास देऊन बघायचा. कुणीही देऊन बघितला असता.

पेंटर : पण बाकीचे लोक? तेही घेतात ना महिन्याची सुई?

ताई : त्यांच्या अंगात थोडं थोडं स्वतःचं तयार होतं. निभावतंय त्यांचं. तुझ्या अंगात काहीच होत नाही. तू पूर्णपणे माझ्यावर अवलंबून होतास.

पेंटर : मग आता सांग तुझ्या साहेबांना. औषध बंद करतील, दुसरं काढतील.

ताई : सांगितलं. ओरडले नाहीत, तसे बरे आहेत. म्हणाले, एका नळीवरून रुग्णांचं औषध कसं थांबवायचं, रुग्णांची तक्रार कुठे आहे? सगळे रिपोर्ट समोर ठेवले त्यांनी. म्हणाले, हा बघा, ज्याच्या अंगात काहीच तयार होत नाही असा एकच रुग्ण आपल्याकडे आहे. तुमचं म्हणणं खरं असतं तर तो पहिला कोसळला असता. तो दर महिन्याला झकास आहे.

पेंटर : अरे देवा.

ताई : मी त्यांना म्हणाले नाही की तो माझा भाऊ आहे आणि खोटारडा आहे.

बायको : म्हणायला हवं होतं.

ताई : ते त्याने स्वतः सांगायला हवं. उद्या दवाखान्यात चल. डॉक्टरांसमोर रेघ ओढ. माझ्यासमोर नको ओढूस हवं तर.

पेंटर : नाही जमायचं.

ताई : बारक्या.

पेंटर : ताई, ऐक. मला कळतं थोडं थोडं. ते औषध म्हणजे तुझी सगळी उमेद आहे. लग्नाला नाही म्हणालीस, परदेशी जाणार होतीस ते राहिलं, सगळं त्या शेपट्यांपायी. माझ्यापायी म्हण. आता मी उठून सांगू की हे कुचकामी आहे? तुझ्यावर खापर फोडतील सगळे मिळून.

ताई : फोडू देत. माझंच आहे ते.

पेंटर : मी गुपचूप जुनी सुई सुरू करतो. दिवसाआड. तू बाकीच्यांचं तुझ्या सवडीने बघ.

ताई : सवड नाहीये. पुढच्या महिन्यात एका मुलीला सुरू करणार आहेत. नुकती चालायला लागलीय. तिच्याही अंगात काहीच तयार होत नाही, तुझ्यासारखं. तिला बोलता येत नाही अजून. हात थरथरतो का विचारलं तर ती झकाससुद्धा म्हणणार नाही. तुझी रेघ बघून तिला देतायत ते. सगळ्यांत वरची रेघ.

बायको : अहो, ऐकताय ना?

पेंटर : ऐकतोय. एक सांग, ताई. महिनाभर टिकायलाच हवं असा हट्ट का धरलास? आठवड्याचं केलं असतंस. कमी शेपट्यांत भागलं असतं ना?

ताई : केलं होतं. एकच शेपूट, तोंडापासून लांब, पाठीच्या बाजूला. आठवडाभर टिकायचं. तो नमुना अजून फ्रीझरमध्ये आहे. परवा त्यालाही मोठा घास देऊन बघितला. खातो. चांगला खातो.

पेंटर : मग?

ताई : तूच म्हणालास.

पेंटर : मी काय म्हणालो?

ताई : याच खोलीत. मी सुई भरत होते. तू म्हणालास, ताई, हे महिन्यातून एकदाच करता नाही येणार का गं, सुटू तरी. मी म्हटलं, बघते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आठवड्याचा नमुना बाजूला ठेवला आणि महिन्याच्या मागे लागले.

पेंटर : सुटू नाही म्हणालो. सुटशील म्हणालो.

ताई : सुटू म्हणालास.

पेंटर : सुटशील. मला चांगलं आठवतंय. त्या दिवशी तुझी चप्पल तुटली होती. एक पाय घासत आली होतीस, दोन बस बदलून. सुई भरता भरता उभ्या उभ्या तुला डुलकी लागली. मी बघितलं आणि मला लाज वाटली. म्हटलं, माझ्या एका दंडापायी ही बाई वर्षानुवर्षं दिवसाआड फरफटतेय. हिला सोडवायला हवं. म्हणून म्हणालो, सुटशील तरी.

ताई : मला वाटलं तुला माझा कंटाळा आला.

पेंटर : तुझा?

ताई : तुझं नवीन लग्न. दिवसाआड नणंद दारात, हातात पिशवी. मला वाटलं तुम्ही दोघं वाट बघताय, ही कधी टळते. त्या दिवशी बसमध्ये मी रडले होते. मग म्हटलं, ठीक आहे, असं औषध करीन की माझं तोंड बघावं लागणार नाही.

बायको : मी कधी काही बोलले होते का, वन्सं?

ताई : नाही गं. तू कधीच काही बोलली नाहीस.

बायको : माझ्या कपाळाला आठी पडली असेल एखाद्या दिवशी. ऑफिसातून आलं की पडते. पण तुम्ही यायचात त्या दिवशी दुकान हे लवकर आवरायचे. ब्रश धुऊन ओळीने मांडायचे आणि दर दोन मिनिटांनी रस्त्यावर बघायचे. मला वाटायचं, सुईची एवढी वाट कोण बघतं. तुमचं येणं बंद झालं, तेव्हापासून ह्यांनी आवरायला वेळच ठेवली नाही. मी एकदा म्हटलं, बोलवा की त्यांना जेवायला. तर म्हणाले, नको, सुटलीय बिचारी.

ताई : बोलवायचं ना रे.

पेंटर : तू यायचं ना गं.

बायको : चहा निवला दोघांचा. राहू दे, मी परत करते. आधी मला एवढं ऐकू दे. वन्सं, हात येईल का परत? जुनी सुई सुरू केली तर?

ताई : कचरा साठायचा थांबेल. पुढे वाढणार नाही.

बायको : ते नाही विचारलं मी.

ताई : थोडा येईल. बटण लावता येईल, चहा पिता येईल. नसांचं जे गेलं ते सगळं परत येत नाही.

पेंटर : आणि शेपटी? अक्षराची?

ताई : नाही, बारक्या. ती नाही येणार.

पेंटर : हं.

बायको : अहो.

पेंटर : काही नाही. विचारून ठेवलं आपलं. छाप्याला शेपटी असतेच की, पत्र्यात कापलेली. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. एक म्हातारा आला होता फक्त, तो म्हणाला, पूर्वी तुमचं अक्षर चालायचं, आता उभं राहतं. मी त्याला म्हटलं, दमलंय ते.

ताई : मला माफ कर म्हणायला आले होते मी. बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. आता ते तोंडातून निघत नाही.

पेंटर : नको काढूस. मग मलाही म्हणावं लागेल. माझं झकास आहेच की त्यात. पहिल्याच उन्हाळ्यात बोललो असतो तर तू तेव्हाच मोठा घास दिला असतास. तेव्हा फक्त शेपटी हलत होती.

बायको : आणि मी बाकावर बसून होते. घ्या, तिघांना पुरून उरेल एवढं खापर आहे.

पेंटर : दवाखाना किती वाजता उघडतो गं?

बायको : नऊला. आठपासून रांग असते.

पेंटर : मग आठला निघू. तू रजा वाढव. आणि तो चहाचा मग घे पिशवीत. डॉक्टरांना रेघ ओढून दाखवायला मला लाज वाटेल. त्यापेक्षा चहा पिऊन दाखवतो.

ताई : साहेबांना मी उद्याच आठवड्याच्या नमुन्याचं सांगते. पण तो तपासून तुझ्यापर्यंत यायला वर्षं जातील. तोवर जुनीच सुई, दिवसाआड. दवाखान्यातली नर्स घरी येऊन देते हल्ली, तशी सोय आहे. मी चौकशी केलीय.

पेंटर : नर्सबाई खाटेखाली वाकून बघतील का?

ताई : नाही बघणार.

पेंटर : मग तूच ये. उद्या डॉक्टरांनी लिहून दिलं की परवापासून. चप्पल धड घाल.

ताई : किती वाजता येऊ?

पेंटर : पूर्वीसारखीच. ब्रश धुवायच्या वेळेला.

ताई : ब्रश वापरतोस कुठे आता? बोळ्याने करतोस ना?

पेंटर : तू ये. मी भिजवून ठेवीन एक.